तंबूतली डोकेदुखी

अमेरिकेत मुलाकडे गेलो असता आम्ही नेवाडातील ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात तंबू ठोकला. खाली रखरखीत वाळवंट, वर अ‍ॅस्पेन वृक्षांची गर्द राई! व्हीलर पीकचा हा तळ सुमारे ९,९०० फुटांवर. मोटारीने थेट वर गेलो, हीच चूक. रात्री सौभाग्यवतीचे डोके ठणकू लागले, मळमळ सुरू झाली. मी डॉक्टर असूनही ‘प्रवासाचा शीण’ म्हणून मोकळा झालो. ती विरळ हवेची बाधा होती. उलट्या होताच मुलाने तंबू गुंडाळला. खाली उतरल्यावर तिला आराम पडला. माझ्या मते पहिली रात्र सुमारे ७,३०० फुटांवरील लोअर लेहमन क्रीक तळावर काढावी. डोके दुखत असताना आणखी वर चढू नये. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजाडण्याची वाट न पाहता खाली उतरावे.