आयते ते का घ्यावे?

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्यास सुभानपुऱ्यात काकांकडे गेलो होतो. त्यांच्या संगणकावर क्रोमसोबत फायरफॉक्सही बसवला. भाषा मराठी केली, अक्षरे मोठी केली, जाहिराती अडवणारे 'यूब्लॉक ओरिजिन' जोडले. काकू चष्मा सावरीत म्हणाल्या, "अगंबाई, हे मराठीतही दिसतं?" खरे तर मराठीची सोय क्रोममध्येही होतीच, गायकवाडी काळापासून मराठी बोलणाऱ्या या घरात तिकडे कुणी पाहिलेच नव्हते! फायरफॉक्समध्ये शेजाऱ्यांसाठी गुजराती आहे आणि आपल्या कन्नड विभागातील मित्रांसाठी कन्नडही.

"पण फरक काय पडतो?" काकांनी विचारले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. ब्राउझरांत आणि फोनांत आपलेच शोधयंत्र आयते मिळावे म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. आयते मिळालेले आपण बदलीत नाही, त्याची ही किंमत. (असे पैसे फायरफॉक्सची मोझिलाही घेते, हे कबूल केले पाहिजे. म्हणून शोधयंत्रही बदलले.)

क्रोम काढून टाकलेला नाही. काकांच्या बँकेचे एक पान अजून त्यातच नीट उघडते.