चुकायला जागा

प्रौढांच्या वर्गांसाठी मूडल हे ऑनलाइन शिकवण्याचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की बैठकीत पहिला मुद्दा निघतो तो फुकटपणाचा. लायसनचे पैसे नाहीत, मग घ्या! सर्व्हर, अपग्रेड, बॅकअप सांभाळणारा माणूस यांचा खर्च तेव्हा कुणाला आठवत नाही. पण ओपन सोर्सचा खरा फायदा पैशांचा नाहीच. ज्याला शिकवण्यातली अडचण कळते, त्याला सॉफ्टवेअरच्या आत हात घालता येतो, हा तो फायदा.

पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये मूडल लोकांच्या हाती दिलं. त्यांचं बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गेलं आणि शाळा भरायची रेडिओवर. दूर बसून एकट्याने शिकणं त्यांना ठाऊक होतं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने २००५ मध्ये मूडल निवडलं. १९६९ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांचं. रात्री दहा वाजता घरी एकट्याने प्रश्न सोडवणाऱ्याचं उत्तर चुकलं, तर विचारायला शेजारी कुणी नसतं. म्हणून तिथे ओपनमार्क या विद्यापीठाच्या स्वतःच्या प्रणालीत वेगळी सोय होती. उत्तर चुकलं की तिथल्या तिथे कळायचं, एक सूचना मिळायची आणि पुन्हा प्रयत्न करता यायचा. गुण थोडे कमी व्हायचे, एवढंच. हीच रीत मूडलमध्ये यावी म्हणून विद्यापीठाने मूडलच्या प्रश्नांमागची यंत्रणा नव्याने लिहिली, आणि २०११ च्या २.१ आवृत्तीपासून ती सगळ्यांना मिळाली. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यातल्या रात्रवर्गालासुद्धा, अर्ज-विनंती न करता.

आता गंमत बघा. क्विझ तयार करताना सेटिंगला हात लावला नाही, तर मूडल पेपर जमा होईपर्यंत तोंड उघडत नाही. मूळची मांडणी परीक्षेची आहे. आपण ती तशीच ठेवतो, वर एकच प्रयत्न आणि अर्ध्या तासाचं घड्याळ लावतो. गणितात अडकून दहावीला शाळा सुटलेली बाई चाळिशीत पुन्हा शिकायला बसते, तर तिच्यासमोर पुन्हा तोच पेपर! स्वाध्यायाचंही तसंच. त्यात दोन तारखा टाकता येतात. पहिली उलटली तर फक्त ‘उशिरा’ अशी नोंद होते, दुसरीनंतर दार बंद. रात्रपाळीवाल्यासाठी या दोन तारखांत अंतर ठेवायला काय हरकत आहे? पण कॉलेजातल्या एकाच तारखेची आपल्याला सवय झालेली असते.

अर्थात नुसतं सेटिंग बदलून भागत नाही. सूचना कुणीतरी लिहावी लागते आणि ती लिहिणं अवघड असतं. सरळव्याजाचं उदाहरण चुकलं, तर ‘सूत्र पुन्हा पाहा’ ही सूचना बिनकामाची. ‘मुदत महिन्यांत दिली आहे, तुम्ही ती वर्षांत केली का?’ ही कामाची. माणसं नेमकी कुठे घसरतात हे माहीत असल्याशिवाय असं वाक्य सुचत नाही. वर्षानुवर्षं प्रौढांना शिकवणाऱ्या शिक्षकांना ते माहीत असतं. पण अशा शिक्षकांकडून आपण स्लाइड अपलोड करून घेतो. पाच सूचना लिहायला त्यांची एक संध्याकाळ जाते, आणि तिचं मानधन कुठल्याच अंदाजपत्रकात धरलेलं नसतं. लायसनचे वाचलेले पैसे आधी तिथे द्यावेत.