पट्टी संपते, जळजळ नाही!

कुठल्याही ऑफिसातला ड्रॉवर उघडा. स्टेपलर, व्हिजिटिंग कार्ड्स आणि अँटासिडची अर्धी संपलेली पट्टी! वडापाव, कटिंग, डेडलाइन, रात्री ११ ला जेवण... मग 'अ‍ॅसिडिटी झालीय यार' म्हणत गोळी चघळायची. पण आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन् महिने छाती जळत असेल, तर बॉस, मामला वेगळा आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप ढिली पडते आणि आम्ल वर येतं.

माझी झडपही ढिलीच. एंडोस्कोपीत दिसलं. म्हणजे २८ व्या वर्षी प्रश्न असा, की आयुष्यभर गोळी की ऑपरेशन?

आधी गोळ्या. अँटासिड लगेच गार करतं, पण तेवढ्यापुरतंच. अन्ननलिकेची सूज भरून काढायचं काम ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या मंडळींचं. त्या आम्ल सोडणारे पंपच बंद करतात. हे पंप खाताना सुरू होतात, म्हणून गोळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जळजळल्यावर घेणं म्हणजे वरातीमागून घोडं! कोर्स साधारण ८ आठवड्यांचा. बरेच महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर आम्ल उसळू शकतं, तेव्हा डोस डॉक्टरांना विचारूनच उतरवायचा.

ऑपरेशनचं नाव फंडोप्लिकेशन. रुडॉल्फ निसेन या सर्जनने १९५६ मध्ये ते जगासमोर मांडलं. आता दुर्बिणीतून होतं. जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळून झडप घट्ट करतात. त्याआधी २४ तासांची आम्लाची तपासणी, अन्ननलिकेच्या दाबाची तपासणी वगैरे. नंतर काहींना ढेकर देणं जड जातं, पोट फुगतं; काहींना वर्षांनी पुन्हा गोळी लागते.

मी सध्या डॉक्टरांशी बोलून कमीत कमी डोस आणि... विटा निवडल्यात! पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ६ इंच. (नुसत्या उशा रचून मान वाकते, पोट दबतं.) झोपायच्या ३ तास आधी जेवण, डावी कूस, वाढलेले किलो कमी. वर्षभराने पुन्हा हिशोब.

तुमचं गणित वेगळं असेल. पण घास अडकतोय, वजन आपोआप घटतंय, उलटीत रक्त किंवा शौचाला काळं होतंय, तर गोळ्यांवर दिवस ढकलू नका. आणि छातीतली कळ हातात, जबड्यात उतरली, घाम फुटला, तर ती अ‍ॅसिडिटी समजू नका. मीटिंग सोडा, थेट हॉस्पिटल गाठा.