काप की फिंगर चिप्स?

सबमिशन संपलं की आपल्या बाइक्स आपोआप गणपतीपुळ्याकडे वळतात. आधी दर्शन, मग समुद्र, मग पोटोबा! गेल्या खेपेला तिथल्या एका घरगुती खानावळीत काकूंनी विचारलं, "बटाट्याचे काप करू की फिंगर चिप्स?" आम्ही आठही जण एका सुरात ओरडलो, "चिप्स!" आले ते फ्रीजरच्या पिशवीतले, टेबलावर येईपर्यंत मऊ पडलेले. शेजारच्या आजोबांनी मात्र त्यांच्या ताटातला काप मोडला आणि 'कट्' असा आवाज आम्हाला ऐकू आला! काकू म्हणाल्या, "तुम्ही पोरं मागतच नाही, मग करायचे कुणासाठी?"

हे मनाला लागलं. बटाटा मूळचा आपला नाही, त्याचं नावही पोर्तुगीजांकडून आलेलं. पण कोकणानं त्याला सुरण, नीरफणसाच्या पंगतीत बसवून त्याचे काप केले. ते आपणच मागेनासे झालो तर खानावळीतून जाणारच.

आणि हा तर आपल्या सिलॅबसचा विषय! बटाट्यात सुमारे 80 टक्के पाणी. ते आहे तोवर आतलं तापमान 100 अंशांपुढे जात नाही, म्हणून आतला स्टार्च फुगून मऊ शिजतो. पृष्ठभाग कोरडा झाला की तिथलं तापमान चढतं आणि खरपूस कवच धरतं. म्हणजे आत ओल, बाहेर कोरडं, एवढंच साधायचं.

कृती सोपी. साधारण 8 मिलिमीटर जाडीच्या चकत्या धुऊन घ्या, मिठाच्या उकळत्या पाण्यात चार मिनिटं ठेवा, निथळून वाफ पूर्ण जाऊ द्या. तिखट, हळद, हिंग लावा. तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवा. तांदळाच्या पिठात ग्लुटेन नसतं, म्हणून कवच चिवट होत नाही. लोखंडी तव्यावर तेल सोडून मध्यम आचेवर दोन्ही बाजू खरपूस करा. तव्यावर गर्दी नको आणि झाकण तर मुळीच नको! वाफ कोंडली की कुरकुरीतपणा संपला.

रेक्टर सर, काळजी नसावी, हे हॉस्टेलच्या खोलीत करायचं नाही. सुट्टीत घरी करा, आईला बसवून गरम गरम वाढा. चार वर्षांत मशिन ड्रॉइंग शिकतो, तर एक काप भाजायला काय हरकत आहे?

आणि पुळ्याला गेलात की काकूंच्या प्रश्नाचं उत्तर नीट द्या. आम्हाला त्या विषयात एटीकेटी लागली आहे.