लांब कानांचं पिल्लू आणण्याआधी

परवा धाकट्या जाऊबाईंचा मुरूडहून फोन. "ताई, लेकीचा वाढदिवस आलाय आणि तिला कुत्र्याचं पिल्लू हवंय. मोठे डोळे, लांब कान, मांडीत मावेल असं. किंग चार्ल्स का काहीतरी नाव आहे बघा. तुमच्या झिपरीसारखंच दिसतं. आणू ना?"

"आण की" म्हणणं सोपं होतं. पण झिपरीचं नाव निघालं आणि माझी जीभ अडखळली. "अगं, दोन दिवस थांब, मी नीट लिहून कळवते," असं म्हणून फोन ठेवला. लिहायला बसले आणि वाटलं, हा प्रश्न काही एकट्या जाऊबाईंचा नाही. अलिबागेपासून श्रीवर्धनपर्यंत हल्ली अशी झुपकेदार पिल्लं बऱ्याच घरांतून दिसतात. म्हणून या आठवड्यात लोणची-पापड बाजूला ठेवून तेच लिहिते.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे जास्त करून दिसतो तो कॉकर स्पॅनियल. झिपरी तीच. वजन बारा ते पंधरा किलो, म्हणजे मांडीत मावायचे दिवस चार-पाच महिन्यांत संपतात. जाऊबाईंच्या लेकीने फोनवर पाहिला तो कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल. तो खरोखरच लहान, साडेपाच ते आठ किलोंचा. हा किंग चार्ल्स म्हणजे इंग्लंडचा दुसरा चार्ल्स, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न ठरताना १६६१ साली मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने ती १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. थळच्या किनाऱ्यावरून दिसणारा खांदेरी १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला, तेव्हा अडवायला आलेली कंपनीची जहाजं याच राजाच्या अमदानीतली. राजेसाहेबांना या छोट्या कुत्र्यांचं भारी वेड होतं. तेव्हा हे पाहुणे आपल्याला वाटतात तितके परके नाहीत!

पण आज मिळणारा कॅव्हेलियर थेट राजाच्या मांडीवरून उतरलेला नव्हे. मधल्या काळात ती जात बदलत बदलत चपट्या नाकाची झाली. मग १९२६ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात एका अमेरिकन गृहस्थाने जुन्या, लांब नाकाच्या वळणाच्या कुत्र्यांसाठी पंचवीस पौंडांचं बक्षीस लावलं आणि तिथून ही जात नव्याने उभी राहिली, अगदी थोड्या कुत्र्यांपासून. त्याचे भोग ती अजून भोगते आहे. हृदयाची झडप झिजण्याचा रोग या जातीत इतका पसरलाय, की पाच वर्षांची झाली की निम्म्याहून अधिक कुत्र्यांच्या छातीत खरखर ऐकू येते आणि दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ सगळ्यांच्या. दुसरं दुखणं डोक्याचं. कवटी लहान, मेंदूला जागा अपुरी, त्यामुळे मज्जारज्जूत पाण्याच्या पोकळ्या होतात. मग ते बिचारं मानेशी हवेतल्या हवेत खाजवत बसतं आणि घरच्यांना वाटतं, काय गंमत करतोय! नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२३ साली निकाल दिला, की या जातीची आज चालते तशी पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्यात बसत नाही.

एवढं वाचून माझं मत विचाराल, तर मी कॅव्हेलियर आणणार नाही. जाऊबाईंनाही तेच कळवलंय. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हाती आपण खेळणं देतोय असं समजून हृदयरोगी द्यायचा, हे मला पटत नाही. कोणी आणायचंच ठरवलं असेल, तर पिल्लाच्या आईबापांची हृदयतपासणी कोणत्या वयात झाली, ते कागदावर पाहायला मागा. वंशावळीचा दाखला म्हणजे तब्येतीचा दाखला नव्हे. कुत्रं अमुक जातीचं आहे एवढंच तो सांगतो.

आता झिपरीची गोष्ट सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगते.

ह्यांच्या एका मित्राने नव्या संसाराला भेट म्हणून तिला आणून दिली. बुटाच्या खोक्यात बसलेली, सोनेरी, जेमतेम पाच आठवड्यांची. इतक्या लवकर आईपासून तोडू नये, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? (२०१७ पासून तर आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला नियमानेच बंदी आहे आणि पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणीही करावी लागते. नोंदणीचा कागद मागायला लाजू नका.) मामंजींना कुत्रं नको होतं, पण आठवड्याभरात तेच तिला पेपर वाचून दाखवायला लागले. सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात ती डोकं झटकायला लागली. कान फटाफट वाजायचे. पाठोपाठ वास आला, आंबलेल्या पिठासारखा. सासूबाई म्हणाल्या, "कुत्र्याला कुत्र्याचा वास यायचाच." मीही तेच धरून चालले. शाळेच्या परीक्षा होत्या, गणपती तोंडावर होते. कोणीतरी सांगितलं म्हणून कोमट खोबरेल तेल घातलं कानात, दोनदा. दसऱ्याच्या सुमारास तिने माझा हात कानाला लागू दिला नाही, गुरगुरली. तेव्हा कुठे डॉक्टर. त्यांनी कान पाहिला आणि मला एवढंच म्हणाले, "बाई, हे आठ दिवसांत झालेलं नाही."

घरात पाच माणसं. वास पाचही जणांना येत होता.

पुढे दोन वर्षं औषधं झाली, बरं व्हायचं आणि पावसाळा आला की उलटायचं. शेवटी मुंबईला नेऊन डाव्या कानाची नळीच काढून टाकावी लागली. त्या कानाने तिला पुढे ऐकू आलं नाही. डावीकडून हाक मारली तर भलतीकडेच बघायची. दहा वर्षं जगली, लाडात जगली. पण ती मान वळवून बघायची ते मला अजून दिसतं.

कारण कळलं तेव्हा फार साधं निघालं. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते, इंग्रजी एल अक्षरासारखी. स्पॅनियलच्या बाबतीत वरून जाड, केसाळ पाळीचं झाकण. आत ऊब, ओल, काळोख. आपल्या किनाऱ्यावर चार महिने चपलांना बुरशी येते, कपाटातल्या साड्यांना वास येतो, मग या कानाचं काय होणार? वर तेल घातलं की ओल आतच कोंडते. म्हणून तेल नको, हळदीचं पाणी नको, आणि कापूस गुंडाळलेली काडी तर आत मुळीच घालायची नाही. काडीने घाण आणखी खाली ढकलली जाते.

आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, कान उलटा करून बघायचा आणि हुंगायचा. हो, हुंगायचा! दूध नासलं का ते आपण नाकानेच ओळखतो ना, तसंच. निरोगी कानाला जवळजवळ वासच नसतो. आंबूस वास, तपकिरी मळ, लाली, किंवा डोकं सारखं एका बाजूला कलणं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. कान धुण्याचं औषध त्यांच्याकडूनच घ्यावं. ते घालून कानाचं बूड बाहेरून हलकेच चोळायचं, कुत्र्याला डोकं झटकू द्यायचं आणि वर आलेलं कापसाने टिपून घ्यायचं. पाळीच्या आतल्या बाजूचे केस बारीक कापून ठेवले की वारा खेळतो. आंघोळीच्या वेळी कानात कापसाचा बोळा सैलसर ठेवावा आणि नंतर आठवणीने काढावा.

जेवणाचं भांडं पसरट नको. आम्ही स्टीलचा उभट, अरुंद तोंडाचा डबा वापरायचो. तोंड आत जातं, कान बाहेर राहतात. कालवलेला भात कानाला लागून वाळला की मुंग्या लागतात, अनुभवाने सांगते. जुन्या मोज्याचा पंजा कापून उरलेली नळी जेवताना डोक्यावरून चढवली, तरी कान बांधलेले राहतात. सैल मात्र हवी. आमच्या सासूबाई तिला झिपरीचा पदर म्हणायच्या.

केस एकाआड एक दिवस विंचरावे लागतात. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या आत गाठी होतात, त्या ओल्या राहिल्या की खालची कातडी सोलवटते. पावसाळ्यात बोटांमधले केसही कापून टाका, चिखल तिथेच बसतो. समुद्रावर नेलंत तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि पंचाने टिपून पूर्ण कोरडं करा. एका कुत्र्याला पावसाळ्यात तीन टॉवेल लागतात, दोन वाळत असतात. दिवाळीच्या आसपास गवत वाळलं की कुसळांचा त्रास सुरू होतो. ती कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात आणि आत आत सरकतात. फिरून आलं की रोज हात फिरवून बघायचं.

तोच हात गोचिडीही शोधतो. कान खराब व्हायला महिने लागतात, गोचिडीच्या तापाला चार दिवस पुरतात. कुत्रं जेवत नाही, एका कोपऱ्यात पडून राहतं, हिरड्या पांढुरक्या दिसतात, कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी गडद होते. पावसामुळे मरगळलंय असं समजून थांबू नका, रक्ततपासणी करून घ्या. वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक कुत्री वाचतात. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, रॉकेल-काडी नको, बोटांनी चिरडणंही नको. गुरांचं गोचिडीचं औषध अंदाजाने लावू नका. कुत्र्याचं औषध त्याच्या वजनावर मोजून देतात. आणि घरातली क्रोसिन-ब्रुफेन तर आपल्या मनाने कधीच नाही. गोचिडी भिंतीच्या भेगांतही राहतात, तेव्हा कुत्रं जिथे झोपतं तिथल्या फटी बुजवून घ्या.

लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. रेबीजची त्यात आलीच, पण लेप्टोची आहे ना, हे मुद्दाम विचारा. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो रोग येतो, आणि पावसाळ्यात पाणी आपल्या दारातच असतं.

खाण्याबद्दल शेजारीपाजारी शंभर सल्ले देतील. भात, उकडलेलं कोंबडीचं मांस, अंडं, काटे काढलेला बिनमिठाचा मासा चालतो, पण पिल्लाच्या रोजच्या आहाराचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट नको. सुकट-बोंबील खारट, तेही नकोत. मे महिन्यात आंब्याच्या कोयी उचलून ठेवा. गोडाच्या लोभाने गिळलेली कोय आतड्यात अडकली की पोट उघडायची पाळी येते. किनाऱ्यावर जाळी झाडल्यावर टाकून दिलेला केंड, तो फुगणारा मासा, विषारी असतो. स्पॅनियलचं नाक जमिनीला चिकटलेलं असतं, म्हणून तिथे गळ्यातला पट्टा सोडू नका. आणि बिस्किटं! ही जात मागण्यात इतकी पटाईत, की पाहुणा विरघळतोच. झिपरी एकदा अठरा किलोंवर गेली होती, ती मामंजींच्या चहामुळे.

पिल्लू बघायला जाल तेव्हा आईला पाहिल्याशिवाय पसंत करू नका. "आई गावाला आहे" असं सांगणाऱ्याकडून उठून यावं. पिल्लाच्या मागे टाळी वाजवा, वळून बघतं का. कान हुंगा. पोट ढोलासारखं असेल तर जंत. कोपऱ्यात दबून बसलेल्याची दया येते, पण घरात लहान मूल असेल तर आपणहून जवळ येणारं घ्या.

सगळ्यात आधी मात्र घरात बसून एक विचारा, की रात्री अकराला पिल्लू आजारी पडलं तर कोण निघणार? आता भाऊच्या धक्क्याची रो-रो आहे, अटल सेतू आहे, परळचं बैलघोडा हॉस्पिटल पूर्वीइतकं लांब राहिलेलं नाही. तरी पावसाळी रात्री मुरूडहून निघायचं म्हणजे काय, ते मुरूडकरांनाच विचारा. लेकी हौसेने मागतात, नवरे हौसेने आणतात, आणि कान हुंगायला आपण. हे आधीच मान्य असेल तर ठीक, नाहीतर गावठी पिल्लू बघा. उभे कान, आखूड केस, या हवेत मुरलेलं. माझ्या दारात सध्या तसंच एक आहे.

जाऊबाईंना सगळं कळवलं. कॅव्हेलियरचा नाद त्यांनी सोडला, कॉकरचा सोडलेला नाही. पनवेलला एके ठिकाणी जाऊन आल्या, आई दाखवेनात म्हणून परतल्या. पाऊस संपेपर्यंत आणू नकोस, असं मी बजावलंय, म्हणजे पिल्लाची पहिली ओळख चिखलाशी व्हायची नाही. वाढदिवस त्याआधीच होऊन जाईल, म्हणून लेक रुसलीय. तिला मी पोस्टाने एक लोखंडी कंगवा पाठवलाय.