घर आणि क्रीडांगण : जड डोक्याची रॅकेट

कोणतीहि वस्तु विकत घेतांना ती वापरणाराच्या हाताकडे पाहावें, कीं ज्या नामांकित हातांत ती आपण पाहिली त्याच्या कीर्तीकडे पाहावें, हा प्रश्न संसारांत पदोपदीं उपस्थित होतो. पादत्राणांच्या बाबतींत आपण सहसा फसत नाहीं. कारण न बसणारा जोडा पहिल्या चार पावलांतच चावतो. बॅडमिंटनच्या रॅकेटीचें तसें नाहीं. ती प्रथम सुख देते, आणि दुखणें पुढें महिन्या-दोन महिन्यांनीं पदरांत घालते. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या घरीं हा अनुभव आला. ज्यांच्या घरांत खेळणारीं मुलें आहेत त्यांना तो उपयोगी पडेल, या समजुतीनें या महिन्यांत त्याचीच हकीगत सांगावयाचें योजिलें आहे.

आमचें चारकोप कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला वसलेलें आहे. १९८० नंतरच्या दशकांत म्हाडानें जागतिक बँकेच्या साहाय्यानें येथें लहान लहान भूखंड आंखून दिले, आणि लोकांनीं आपापल्या ऐपतीप्रमाणें त्यांवर घरें उभारलीं. त्या आंखणींत एक शहाणपण होतें : घरांच्या मधोमध सामाईक चौक मोकळे सोडलेले होते. दिवाळी सरली आणि रात्रीं खाडीवरचा वारा पडूं लागला, म्हणजे या चौकांतून समोरासमोरच्या गजांना दोरी बांधली जाते, कोणी आपल्या ओट्यावरचा दिवा लावून देतो, आणि जेवणें आटोपल्यावर बराच वेळ फुलाचे टोले ऐकूं येत राहतात. आमची नात अशाच एका चौकांत खेळावयास शिकली. आतां ती चौदा वर्षांची आहे, आठवड्यांतून तीन दिवस बंदिस्त सभागृहांतहि शिकावयास जाते, आणि तिच्या वयाच्या मुलींत तिचा खेळ बरा समजला जातो.

तिच्या वाढदिवसाला तिच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या चिरंजीवांनीं, मोठ्या हौसेनें नवी रॅकेट आणली. एका जगज्जेत्या खेळाडूच्या हातीं तशीच त्यांनीं दूरचित्रवाणीवर पाहिली होती. "स्मॅश मारावा तर हिनेंच," असें दुकानदारानेंहि सांगितलें होतें. आणि किंमत इतकी होती कीं, ती आम्हां वडील माणसांस सांगतांना त्यांनीं हजारांचा आंकडा अंमळ हळूच उच्चारला. दुकानदार अशा रॅकेटीस 'हेड-हेवी' म्हणतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर डोक्याकडे जड.

रॅकेटीचें वजन आणि रॅकेटीचा तोल या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. खेळाच्या नियमांनीं रॅकेटीची लांबी ६८० मिलिमीटर व रुंदी २३० मिलिमीटर यांहून अधिक असूं नये असें ठरविलें आहे. वजनाला व तोलाला मात्र कांहींच बंधन घातलेलें नाहीं. त्यामुळें कारागिराचें पुष्कळसें कौशल्य याच दोन गोष्टींत खर्च होतें. वजन रॅकेटीवर एका खुणेनें दाखविलेलें असतें. ३यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४यू म्हणजे ८० ते ८४, आणि ५यू म्हणजे ७५ ते ७९. आंकडा जितका मोठा तितकी रॅकेट हलकी, हें ध्यानांत ठेवावें. तोल मोजावयास घरांतील फूटपट्टी पुरे. पट्टी उभ्या धारेवर धरून तिच्यावर रॅकेट आडवी ठेवावी. ती जेथें स्थिर राहील तेथें खूण करावी, आणि मुठीच्या बुडापासून त्या खुणेपर्यंतचें अंतर शिंप्याच्या टेपेनें मोजावें. तें साधारणपणें २८५ ते २९५ मिलिमीटर भरलें तर रॅकेट समतोल. अधिक भरलें तर डोक्याकडे जड, कमी भरलें तर डोक्याकडे हलकी. नातीची जुनी रॅकेट ४यू असून तिचा तोल २८७ वर येत होता. नवी होती ३यू. तारा व मुठीची पट्टी धरून तिचें वजन ९३ ग्रॅम भरलें, आणि तोल आला ३०६ वर.

एकोणीस मिलिमीटर आणि थोडेसे ग्रॅम! एवढ्यानें काय होणार, असें कोणीहि म्हणेल, मीहि म्हणालों. परंतु लहानपणीं तालमींत मुद्गल फिरविलेल्या माणसानें तरी तसें म्हणावयास नको होतें. मुद्गल मध्यावर धरला तर पोरसवदा मुलगाहि तो सहज फिरवील. तोच मुठीशीं धरला कीं खांद्याला घाम फुटतो. वजन तेंच असतें. बदलतें तें त्याचें हातापासूनचें अंतर. आणि हें अंतर मोठें लबाड आहे. तें दुप्पट झालें म्हणजे वजन तितकेंच राहूनहि फिरविणाऱ्या हाताला त्याचा विरोध चौपट होतो. म्हणून रॅकेटीच्या शेंड्याशीं असलेला एक ग्रॅम मनगटाला जो जाच देतो, तो मुठीजवळचे कित्येक ग्रॅम मिळूनहि देत नाहींत.

प्रथम गुणांचें सांगतों, कारण गुण खरेच होते. मागच्या रेषेवरून मारलेलें उंच फूल पूर्वीं पलीकडच्या अंगणाच्या मध्यावरच उतरे, तें आतां थेट मागच्या रेषेपर्यंत जाऊं लागलें. डोक्यांतील वजन एकदां गतीला लागलें कीं तें आपल्या भारानेंच पुढें जातें. हातानें केवळ वेळ साधावयाची असते. स्मॅशचा आवाज भरींव येई, आणि फूल जमिनीकडे दाबल्यासारखें खालीं बसे. नात हर्षभरित झाली, आणि तिचे वडील तर तिच्याहूनहि अधिक.

परंतु बॅडमिंटन हा एका टोल्याचा खेळ नव्हे. मारलेलें फूल परत येतें, आणि तें येण्याच्या आंत रॅकेट पुन्हा छातीसमोर उभी असावी लागते. जें डोकें पुढें जातांना आपल्या भारानें जातें, तें परततांनाहि आपल्याच सवडीनें परततें. अंगावर आलेला स्मॅश उचलणें, जाळीजवळ फूल झटकन् अडविणें, जाळीच्या वरच्या कडेलगत चाललेल्या सपाट टोल्यांची देवघेव करणें, या प्रत्येक ठिकाणीं तिला निमिषमात्र उशीर होऊं लागला. हात ताजा असतांना हा उशीर झांकला जाई; खेळ अर्ध्या तासापलीकडे गेला कीं उघडा पडे. थकलेला हात मागें राहतो. मग जें फूल शरीराच्या पुढें लागावयास हवें तें डोक्यावर, आणि पुढें पुढें तर डोक्याच्या मागें लागूं लागतें. आणि जें काम पाय व कंबर यांच्या वळणानें व्हावयाचें, तें एकट्या खांद्याकडून करवून घ्यावें लागतें. त्यांत या रॅकेटीचा दांडा ताठ जातीचा. ताठ दांडा वेगवान हाताखालींच वांकतो आणि उसळून फुलाला गति देतो. मंद हातांत तो नुसती काठी होऊन बसतो.

सहा आठवडे असे गेले. नात दप्तर डाव्या खांद्यावर घेऊं लागली, वेणी घालतांना उजवा हात वर नेतांना थबकूं लागली, हें तिच्या आजीच्या लक्षांत आलें. माझ्या आलें नव्हतें. विचारलें तर "कांहीं नाहीं" एवढेंच उत्तर मिळे. मग एके रात्रीं चौकांत दोरी बांधली गेली, मैत्रिणींनीं हांका मारल्या, तरी ती खालीं उतरेना. मीं तिला जवळ बसविलें.

"आजोबा, मला आतां नाहीं खेळावेंसें वाटत," ती म्हणाली. "सगळ्या मुली पुढें गेल्या. मीच मागें पडलें."

"आणि खांदा?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबांना सांगूं नका ना. त्यांनीं किती हौसेनें आणली आहे ती."

चौदा वर्षांची मुलगी खेळ सोडते तेव्हां आपण म्हणतों, अभ्यास वाढला, आवड बदलली. खरें कारण पुष्कळदां असें मनांतल्या मनांत राहिलेलें असतें. आमच्या घरांतून या खेळाची आवड कांहीं आजची नाहीं. १८७० च्या दशकांत पुण्याच्या छावणींत इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि त्यांच्यांत तो 'पूना' या नांवानेंच ओळखला जाई. पुढें १९४० नंतरच्या दशकांत क्रिकेटपटु प्रा. दि. ब. देवधर यांच्या कन्या तारा, सुंदर व सुमन यांनीं राष्ट्रीय स्पर्धांत नांव मिळविलें. त्या काळच्या लांकडी रॅकेटी आजच्यापेक्षां पुष्कळच जड असत, आणि दमट हवेंत वांकूं नयेत म्हणून स्क्रूंच्या सांच्यांत आंवळून ठेवाव्या लागत. सांगलीस जन्मलेले नंदू नाटेकर यांनीं १९५६ सालीं क्वालालंपूर येथें सेलांगोर स्पर्धा जिंकली. आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय खेळाडु. त्यांची ख्याति झाली ती मनगटाच्या हळुवार कौशल्याबद्दल. म्हणजे जोर हाच या खेळाचा प्राण आहे असें आपल्या मोठ्या खेळाडूंनींहि शिकविलेलें नाहीं.

चिरंजीवांशीं बोलण्याचें काम अर्थातच माझ्याकडे आलें. त्यांना प्रथम वाईट वाटलें, आणि लगोलग त्यांनीं उपाय योजिला. मुठीवर पांच ग्रॅमांची आणखी एक पट्टी गुंडाळली आणि तोल मोजला. तो ३०६ वरून २९५ वर आला होता! आंकड्यानें रॅकेट समतोल ठरली, आणि प्रश्न सुटला असें त्यांना वाटलें. परंतु नातीनें दोन टोले मारून सांगितलें, "बाबा, तितकीच जड लागते." तिचें म्हणणें बरोबर होतें. मुठींतलें वजन हातांतच असतें; तें फिरवावें लागत नाहीं. त्यानें तोलाचा बिंदु खालीं सरकतो, पण शेंड्याकडचा एक ग्रॅमहि कमी होत नाहीं. पट्टीवरचा आंकडा फसला. हात फसला नाहीं.

"पण बाबा, जोराचें काय?" चिरंजीवांनीं मला विचारलें. "हलक्या रॅकेटीनें स्मॅश कसा बसेल?"

मीं म्हटलें, "फुलाचें वजन किती? नियमाप्रमाणें ४.७४ ते ५.५० ग्रॅम. इतक्या हलक्या वस्तूला पळवावयास घणाची गरज नसते, वेगाची असते. जड डोक्यानें वेग टिकला तर लाभ. वेग घटला तर तोटाच अधिक." आणि मग जें मलाहि वाचून आश्चर्य वाटलें होतें तें सांगितलें. आपला सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यानें १४ एप्रिल २०२३ रोजीं जपानांत सोका येथें ताशीं ५६५ किलोमीटर वेगाचा स्मॅश मारून जागतिक उच्चांक केला. मुंबईचा चिराग शेट्टी हा त्याचा जोडीदार. त्याच वर्षीं या दोघांनीं दुहेरींत जागतिक क्रमवारीचें पहिलें स्थान मिळविलें. तो उच्चांकाचा स्मॅश ज्या रॅकेटीनें मारला गेला ती, योनेक्सची नॅनोफ्लेअर १००० झेड, डोक्याकडे हलकी असते. यावरून जड डोकें निरुपयोगी असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. डेन्मार्कचा ऑलिंपिक विजेता व्हिक्टर ॲक्सेलसन डोक्याकडे जड रॅकेटीनेंच खेळला. त्याची उंची, त्याचा खांदा आणि वर्षानुवर्षांचा सराव हीं मात्र दुकानांत रॅकेटीबरोबर मिळत नाहींत.

शनिवारीं रात्रीं मीं दोन्ही रॅकेटी चौकांत नेल्या आणि चिरंजीवांस म्हटलें, "तूंच खेळून पाहा." शेजारच्या मुलानें त्यांच्या अंगावर वीस सपाट फुलें मारलीं. नव्या रॅकेटीनें त्यांनीं नऊ परतविलीं, जुनीनें चौदा. मग मागच्या रेषेवरून स्मॅश मारून पाहिले. तेथें मात्र नवी रॅकेट सरस ठरली. ती त्यांच्या हाताला शोभत होती. चाळीस वर्षांच्या, भक्कम मनगटाच्या, मागें उभें राहून तडाखे देणाऱ्या गृहस्थासाठींच जणुं ती घडविली होती. ते घाम पुसत ओट्यावर बसले, आणि मुलीकडे न पाहतांच म्हणाले, "दुखत होतें तर सांगायचें नाहीं होय?" तिनें उत्तर दिलें नाहीं, त्यांच्याजवळ सरकून बसली.

वैद्यकीय सल्ल्यानें तिला कांहीं आठवडे विश्रांति दिली. त्यानंतर ती जुन्याच रॅकेटीनें हळूहळू खेळूं लागली, आणि आतां खांद्याची तक्रार नाहीं. नवी रॅकेट वडिलांकडे गेली.

या सर्वांतून घेण्यासारखें थोडकें आहे. वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठीं रॅकेट घ्यावयाची तर ४यू किंवा ५यू वजनाची, समतोल किंवा किंचित् हलक्या डोक्याची, आणि लवचीक दांड्याची घ्यावी. तारा वीस ते चोवीस पौंडांपलीकडे ताणूं नयेत. शक्य तर विकत घेण्यापूर्वीं कोणाची तरी तशीच रॅकेट मागून आणावी, आणि ती ताज्या हातानें नव्हे, तासभर खेळून थकलेल्या हातानें अजमावावी. पहिल्या दहा टोल्यांत प्रत्येक रॅकेट चांगली असते. आणि स्मॅश किती बसला यापेक्षां अंगावर आलेलें फूल किती वेळां परत गेलें, हें मोजावें.

शेवटची गोष्ट रॅकेटीची नाहीं. मुलास दिलेली भेट त्याला जड जात असेल, तर तसें सांगण्यास त्याला भीति वाटूं नये, एवढी मोकळीक घरांत असावी. आमच्याकडे ती होती असें आम्ही समजत होतों.

हल्लीं रात्रीं चौकांत बापलेक एकाच बाजूला खेळतात. ते मागें, ती जाळीजवळ. परवां त्यांचा एक स्मॅश परत आला आणि त्यांची रॅकेट वेळेवर वर आली नाहीं, तिनें पुढें झेंप घेऊन तें फूल अडविलें, आणि मागें वळून म्हणाली, "बाबा, जड जाते का?"