तीन कुलपांची पेटी

परक्या देशातल्या खेड्यात राहायला गेलेली स्वयंसेविका आधी स्वतःच शिकते: विहिरीचं पाणी शेंदायला, बाजरी कांडायला, हौसा भाषेत ख्यालीखुशाली विचारायला. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये, मारादी भागात, ‘केअर’ संस्थेने १९९१ साली बायकांचे बचतगट उभे केले. पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं. किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीच्या घरी. बाहेरचं भांडवल नाही. बायकांच्याच पैशातून कर्ज, आणि व्याजही गटातच. आपल्याकडच्या बचतगटातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको! मला मात्र सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की अशा गटासोबत काम करणाऱ्या स्वयंसेविकेकडे एकही किल्ली नसते. ती मायदेशी परतते, आणि पुढच्या आठवड्यात पेटी ठरल्या वेळी उघडते.